सदतिसांचे शंभर



विद्यापीठाच्या शेवटच्या वर्षाला असलेल्या मुलामुलींच्या टेबलावर परीक्षेच्या सुमारास जाड पुठ्ठ्याच्या बांधणीचे, सोनेरी अक्षरांचे एक पुस्तक दिसू लागते. मुंबईकडे त्याला 'ब्लॅक बुक' म्हणतात. कोठे तो शोधप्रकल्प असतो, कोठे प्रबंधिका. या पुस्तकाच्या आरंभीच एक पान असते. त्यावर विद्यार्थ्याने प्रतिज्ञापूर्वक लिहिलेले असते की, हे काम मी स्वतः केले असून त्यातील माहिती खरी आहे. खाली सही व तारीख. परीक्षक गुण देतो ते पुढच्या पानांना. हे पान बहुधा कोणी वाचत नाही. पुष्कळदा सही करणाराही वाचत नाही. तरी माणसाच्या सचोटीचा खरा कस लागतो तो याच पानावर.

या पानाच्या निमित्ताने एक प्रश्न आज तुमच्यापुढे ठेवावयाचा आहे. अडचण खरी असेल, तर तिच्यापोटी केलेले असत्य क्षम्य ठरते काय? प्रश्न जुना आहे. परंतु तो पोथीतून उचलून एखाद्या तरुण विद्यार्थिनीच्या खोलीत नेऊन ठेवला, म्हणजे त्याची धार कळते.

एक उदाहरण

समजा, पुण्यात समाजकार्याच्या पदव्युत्तर वर्गात शिकणारी एक मुलगी आहे. तिने विषय निवडला तो घरकाम करणाऱ्या स्त्रियांचा. महाराष्ट्रात या स्त्रियांसाठी २००८ साली घरेलू कामगार कल्याण मंडळाचा कायदा झाला. त्या कायद्याखाली आपली नोंदणी किती जणींनी केली आहे, हे तिला पाहावयाचे आहे. तीन वस्त्यांतून शंभर स्त्रियांना भेटावयाचे, असे तिने आराखड्यात लिहून दिले आणि मार्गदर्शकांनी त्यावर सही केली.

प्रत्यक्षात काय झाले? सकाळी या स्त्रिया कामावर. दुपारी दोन ते चार एवढाच त्यांचा मोकळा वेळ, आणि त्या वेळी मुलीची व्याख्याने. संध्याकाळी पुन्हा त्या कामावर. काहींनी दार लोटून घेतले. आपण काही बोललो हे मालकिणीला कळले तर काम जाईल, ही त्यांची भीती. रविवार हातात होते, परंतु त्यांतले दोन पावसात गेले आणि दोन आजारपणात. अहवाल सादर करण्यास आठ दिवस उरले तेव्हा तिच्या पिशवीत भरलेल्या प्रश्नावल्या होत्या सदतीस. त्यांपैकी नऊ स्त्रियांची नोंदणी झालेली होती.

वसतिगृहातल्या मैत्रिणी म्हणतात, "उरलेल्या त्रेसष्ट आपण रात्री बसून भरू. कोण विचारतो?" सारा हिशेब सोपा आहे. सदतिसांत नऊ म्हणजे शेकडा चोवीस. मग शंभरांत चोवीस दाखवावयाच्या. टक्केवारी तीच राहते, निष्कर्ष तोच राहतो. कोणाचे काय बिघडले?

अडचणी खऱ्या आहेत

या मुलीला उपदेश करण्याची घाई आपण करू नये. तिच्या अडचणी काल्पनिक नाहीत.

पहिली अडचण विषयाची. वीस-बावीस वर्षांच्या मुलाला कोणी सांगितलेले नसते की, चार महिन्यांत आणि हातातल्या पैशात होईल एवढाच विषय घ्यावा. बुरूज बांधण्याआधी बसून खर्चाचा हिशेब करणाऱ्या शहाण्या माणसाचा दाखला आपण उपासनेत ऐकतो. पण अभ्यासाच्या आराखड्याला तो कोणी लावून दाखवीत नाही. दुसरी अडचण भाषेची. मुलाखत मराठीत झालेली असते. पुष्कळ ठिकाणी अहवाल मात्र इंग्रजीत लिहावा लागतो, आणि स्त्रीने डोळ्यांत पाणी आणून सांगितलेली गोष्ट परक्या भाषेतल्या एका कोरड्या वाक्यात संपते. इंदूर, बडोदे, हैदराबाद येथील आपल्या मराठी घरांतल्या मुलांना तर घरची भाषा एक, रस्त्यावरची दुसरी आणि प्रबंधाची तिसरी, अशी तिहेरी कसरत करावी लागते. तिसरी अडचण पैशाची: प्रवास, टंकलेखन, तीन-चार प्रती, त्यांची बांधणी. आणि चौथी, सर्वांत मोठी, एकटेपणाची. पीएच.डी.च्या विद्यार्थ्यांबाबत विद्यापीठ अनुदान आयोगाच्या २०२२ च्या नियमांनी मर्यादा घातली आहे. प्राध्यापकाकडे एका वेळी आठ, सहयोगी प्राध्यापकाकडे सहा व सहायक प्राध्यापकाकडे चार, याहून अधिक विद्यार्थी असू नयेत. पदवीच्या व पदव्युत्तर वर्गांत मात्र एकेका शिक्षकाच्या वाट्याला याच्या कितीतरी पट प्रकल्प येतात. तो वाचणार तरी किती?

हे ओझे वाढण्याचीच चिन्हे आहेत. २०२० च्या राष्ट्रीय शैक्षणिक धोरणानंतर चार वर्षांच्या पदवीची वाट उघडली. पहिल्या सहा सत्रांत ७५ टक्के वा अधिक गुण मिळविणाऱ्यांना चौथ्या वर्षी संशोधनासह ऑनर्स पदवी घेता येते, आणि तीत प्रबंधिका लिहावी लागते. पूर्वी एम.ए.ला भेटणारी ही परीक्षा आता पदवीच्या विद्यार्थ्यालाही भेटू लागली आहे.

वकिली युक्तिवाद

त्रेसष्ट प्रश्नावल्या रात्रीत भरण्याच्या बाजूने जे बोलले जाते, त्यात तीन मुद्दे असतात. ते हसण्यावारी नेण्यासारखे नाहीत.

पहिला मुद्दा: सगळेच असे करतात. जो करीत नाही तो मागे पडतो आणि नोकरीच्या रांगेत त्याचे गुण कमी भरतात. सचोटीची किंमत गरिबाच्या मुलानेच का मोजावी?

दुसरा मुद्दा: व्यवस्थाच खोटी आहे. मार्गदर्शक न वाचता सही करतो, परीक्षक पाने चाळून तोंडी परीक्षा आटोपतो, पुस्तक कपाटात जाऊन धूळ खाते. ज्याला सत्याची चाड नाही त्याला सत्य देऊन काय उपयोग?

तिसरा मुद्दा: यात कोणाची हानी नाही. परीक्षेत नक्कल करणारा दुसऱ्याचे उत्तर चोरतो. येथे तर कोणाचे काही घेतलेले नाही.

पहिल्या मुद्द्यात अन्यायाची खरी वेदना आहे, आणि तिचे उत्तर ज्यांनी द्यावयाचे त्यांच्याकडे आपण पुढे वळूच. परंतु दुसरा व तिसरा मुद्दा एका समजुतीवर उभे आहेत. सत्य हे आपण विद्यापीठाला देणे लागतो; ते घेणारा बेपर्वा असेल तर देणाऱ्याची सुटका झाली, अशी ती समजूत आहे. मला वाटते, घोटाळा येथेच आहे.

सत्य कोणाचे देणे?

त्या सदतीस स्त्रियांचा विचार करा. भांडी घासून भेगा पडलेले हात पदराला पुसत त्या या मुलीपुढे बसल्या. कोणी काम जाण्याची जोखीम घेतली. त्यांनी आपल्या विश्रांतीतला अर्धा तास दिला तो विद्यापीठासाठी नव्हे. आपले कोणीतरी ऐकते आहे, कोठेतरी पोहोचविणार आहे, या आशेने दिला. त्यांच्या सदतीस खऱ्या उत्तरांत त्रेसष्ट बनावट उत्तरे मिसळली की, अहवाल वाचणाऱ्याला खरा आवाज कोणता हे ओळखता येत नाही. दुधात पाणी मिसळल्यावर दूध तेवढे वेगळे काढता येत नाही, तसेच हे आहे.

आता उरलेल्या त्रेसष्ट जणींकडे या. टक्केवारी तीच राहिली म्हणून निष्कर्ष बदलला नाही, असे मैत्रिणी म्हणाल्या. पण शंभरांत चोवीस दाखविताना नोंदणी झालेल्या पंधरा आणि न झालेल्या अठ्ठेचाळीस स्त्रिया कागदावर जन्माला घालाव्या लागल्या. असे करताना आपण गृहीत धरले की, ज्या भेटल्या नाहीत त्या भेटलेल्यांसारख्याच असणार. त्या तशा आहेत काय? ज्या भेटल्या नाहीत, त्यांत दुपारचे दोन तासही मोकळे नसणाऱ्या होत्या. मालकिणीच्या धाकाने दार लावून घेणाऱ्या होत्या. ज्या बाईला मुलाखतीला वेळ नाही, तिला नोंदणीच्या कार्यालयात हेलपाटे घालण्यास कोठून मिळणार? जी बोलावयासच भिते, ती अर्ज कसा भरणार? म्हणजे खरे प्रमाण चोविसाहूनही कमी असण्याचा पुष्कळ संभव आहे. सर्वांत गांजलेल्या स्त्रियांच्या तोंडी आपण त्यांच्यापेक्षा बऱ्या स्थितीतल्या बायकांची उत्तरे घातली, आणि त्यांचे दुःख कागदावरून पुसून टाकले. 'कोणाचे काय बिघडले' याचे हे उत्तर आहे.

संख्याशास्त्राचा साधा हिशेबही हेच सांगतो. नमुना यदृच्छेने निवडलेला आहे असे मानले, तरी सदतीस जणींवरून काढलेल्या चोवीस टक्क्यांत नेहमीच्या पद्धतीने साधारण चौदा टक्के इकडेतिकडे होण्याची शक्यता धरावी लागते. शंभर जणींवरून काढले तर साधारण आठ. सदतिसाचे शंभर करणारा केवळ आकडा वाढवीत नाही. आपल्याजवळ नसलेली खात्री आपल्याजवळ आहे असे तो सांगतो. हाही एक दावाच आहे, आणि दावा खोटा असला म्हणजे ती खोटी साक्ष होते. दहा आज्ञांपैकी खोट्या साक्षीविषयीची आज्ञा आपण लहानपणी पाठ केली, तेव्हा ती न्यायालयापुरतीच आहे असे वाटले असेल. शेजाऱ्याविषयी जेथे जेथे आपला शब्द प्रमाण मानला जातो, तेथे तेथे ती लागू आहे. अहवाल लिहिणारी ही मुलगी त्या स्त्रियांविषयी साक्षच देत आहे.

आणखी एक गोष्ट ध्यानात घ्यावी. वाङ्मयचौर्याविरुद्ध विद्यापीठ अनुदान आयोगाने २०१८ साली नियम केले. दहा टक्क्यांपर्यंतचे साम्य माफ. त्यापुढे चाळीस टक्क्यांपर्यंत असेल तर सुधारून पुन्हा सादर करणे. साठापर्यंत असेल तर वर्षभराची बंदी. आणि साठाच्या वर गेले तर नोंदणीच रद्द. नियम आवश्यकच आहेत. परंतु यंत्र साम्य मोजते, सत्य मोजत नाही. मनाने रचलेल्या त्रेसष्ट प्रश्नावल्या कोणाच्याच लेखनाशी जुळणार नाहीत, कारण त्या कोठेही नव्हत्याच. तेथे यंत्र निर्मळपणाचा दाखला देईल. पूर्वी खोट्या प्रश्नावल्या भरावयाच्या तर रात्रभर जागावे लागे, आणि त्या जागरणात सदसद्विवेकाला चार शब्द बोलण्यास अवसर मिळे. नोव्हेंबर २०२२ मध्ये चॅटजीपीटी आले, आणि तशी साधने आता घरोघरी पोहोचली आहेत. आज त्रेसष्ट उत्तरे मिनिटभरात तयार होतात. म्हणून बाहेरच्या पहारेकऱ्यावर विसंबून राहण्याचे दिवस सरले. पहारा आतच बसवावा लागेल.

न जुळणारी खूण

मग या मुलीने करावे तरी काय? अहवालात सदतीस लिहावे. आणि 'अभ्यासाच्या मर्यादा' या नावाचे जे छोटे प्रकरण सारेजण दोन ओळींत उरकतात, ते सविस्तर लिहावे. त्रेसष्ट स्त्रिया का भेटल्या नाहीत? कितींनी नकार दिला, किती कामावर होत्या, कितींच्या दारावरून परत यावे लागले? आपल्या वहीत हे सारे टिपलेले असेल तर ती माहितीच आहे. कदाचित तिच्या अभ्यासातली सर्वांत महत्त्वाची. कल्याणाचा कायदा होऊनही तो पोहोचत का नाही, याचे उत्तर त्या बंद दारांतच दडलेले असू शकेल.

ही नुसती समजूत घालण्याची भाषा नाही. १९६७ साली केंब्रिज येथे जॉसलिन बेल ही विद्यार्थिनी पीएच.डी.साठी रेडिओ दुर्बिणीचे काम करीत होती. दुर्बीण उभारण्यातच तिचे बरेच दिवस गेले होते. यंत्रातून रोज सुमारे शंभर फूट कागदाची पट्टी बाहेर पडे आणि ती पट्टी तिला डोळ्यांनी तपासावी लागे. त्या पट्टीवर एके ठिकाणी, अगदी थोड्या जागेत, एक विचित्र खूण दिसली. ती ताऱ्याची वाटेना. माणसाच्या यंत्राचा अडथळा म्हणावा तर तसेही पुरते वाटेना. तिच्या मार्गदर्शकांनाही आरंभी ही माणसाच्या यंत्रांचीच गडबड असावी असे वाटले. तेवढा तुकडा वगळला असता तर कोणी विचारले नसते. प्रबंध उलट सुबक झाला असता. तिने तो वगळला नाही. पुन्हा पुन्हा नोंद घेतली, आणि दर १.३ सेकंदांनी नेमाने येणारे स्पंदन हाती लागले. पुढे 'पल्सार' या नावाने जगाला माहीत झालेल्या ताऱ्यांचा हा पहिला शोध. १९६८ च्या फेब्रुवारीत तो प्रसिद्ध झाला.

या कथेचा उत्तरार्धही आपल्या विषयाचाच आहे. १९७४ साली या शोधाचे नोबेल पारितोषिक मिळाले ते तिच्या मार्गदर्शकांना. तिचे नाव त्यात नव्हते. २०१८ साली तिला तीस लाख डॉलर्सचे एक मोठे पारितोषिक मिळाले, तेव्हा ती सारी रक्कम तिने संधी न मिळालेल्या गटांतील विद्यार्थ्यांच्या संशोधनासाठी देऊन टाकली. ही बाई क्वेकर पंथाची, मौन उपासनेत वाढलेली. सचोटीला बक्षीस मिळतेच असे तिच्या आयुष्यावरून म्हणता येणार नाही. एवढेच म्हणता येईल की, न जुळणारी खूण पुसून टाकणाऱ्याला ती खूण काय सांगत होती हे कधीच कळत नाही.

मदत कोठे संपते?

येथे पालकांच्या मनात एक शंका येईल. मुलाला कोणाची मदत घेऊच द्यावयाची नाही काय? अवश्य घेऊ द्यावी. शब्दकोशकार मोल्सवर्थ यांचे नाव आपल्या समाजाला नवे नाही. त्यांचा मराठी-इंग्रजी कोश १८३१ साली प्रसिद्ध झाला आणि १८५७ साली त्याची वाढविलेली दुसरी आवृत्ती निघाली. जॉर्ज व थॉमस कँडी या बंधूंचे साहाय्य घेतल्याचे त्याच्या मुखपृष्ठावरच नोंदलेले आहे. त्यामुळे कोश मोल्सवर्थांचा राहिला नाही काय? आजही आपण तो त्यांच्याच नावाने ओळखतो.

यावरून एक साधी कसोटी सांगता येईल. जी मदत ऋणनिर्देशाच्या पानावर नावानिशी, उघडपणे लिहिता येते, ती मदत. जी लपवावी लागते, ती फसवणूक. भाषा कोणी तपासून दिली, आकडेमोड कोणी समजावली, टंकलेखन कोणी केले, अगदी एखाद्या संगणकीय साधनाने वाक्ये नीट केली, तरी लिहा. जेथे नियमांची आडकाठी असेल तेथे आधी विचारा. पण 'या प्रकल्पाची तिसरी व चौथी प्रकरणे अमुक दुकानातून विकत घेतली' असे कोणी लिहील काय? हात जेथे थबकतो, तेथे सीमा आहे.

ओझे बांधणारे

आता त्या पहिल्या मुद्द्याकडे येऊ. सचोटीची किंमत एकट्या विद्यार्थ्यानेच का मोजावी? खरोखर, का मोजावी? जड ओझी बांधून इतरांच्या खांद्यांवर देणाऱ्यांना आणि स्वतः बोटही न लावणाऱ्यांना प्रभूने काय सुनावले, ते आपणांस ठाऊक आहे. ज्या शिक्षकाने शंभराचा आराखडा न वाचता मान्य केला, त्याने पहिली खोटी सही केली, मुलीची दुसरी. त्याने ऑगस्टमध्येच "चाळीस पुरेत, पण चाळीसही खरे आण" असे म्हटले असते, तर मार्चमधला मोह उभाच राहिला नसता. मर्यादा प्रामाणिकपणे लिहिणाऱ्याचे गुण कापणारा परीक्षक पुढच्या वर्षीच्या साऱ्या वर्गाला खोटे लिहावयास शिकवितो. आणि "काय लागेल ते पैसे घे, पण एकदाचे उरकून टाक" असे म्हणणारा बापही या पापातला वाटेकरीच.

याचा अर्थ विद्यार्थ्याचा दोष पुसला गेला असा नाही. अपराध वाटून घेतल्याने प्रत्येकाचा वाटा हलका होतो, ही गोड समजूत आहे. ओझे मात्र वाटून घेता येते. आपल्यातले निवृत्त शिक्षक, बँकेतून वा कार्यालयातून निवृत्त झालेले आकडेमोडीचे जाणकार, इंग्रजी नेटके लिहिणाऱ्या भगिनी यांनी आठवड्यातली एक संध्याकाळ अशा मुलामुलींसाठी ठेवली, तर पुष्कळ होईल. त्यांनी प्रकल्प लिहून द्यावयाचा नाही. विषय लहान करून द्यावा, मसुदा वाचावा, आणि "हे कोठून आणलेस?" असे प्रेमाने विचारावे. एकटेपणात जे खोटे सुचते, ते कोणी सोबत बसलेले असताना सहसा सुचत नाही.

वाचकहो, आपल्या घरातील मुलगा वा मुलगी उद्या सांगेल की, प्रकल्प झाला, बांधणीला दिला. तेव्हा किती गुण मिळतील हे विचारण्याआधी काय सापडले ते विचारा, आणि काय सापडले नाही तेही विचारा. ती "सदतीसच भेटल्या" म्हणाली, तर तोंड वाईट करू नका. त्या सदतीस जणींविषयी ऐकण्यास बसा.